पाहुण्यांच्या सहीचं लग्न

क्वेकर लग्नाच्या जागी स्टेज नसतो. जुनी लाकडी बाकं किंवा साध्या खुर्च्या चौकोनात, एकमेकांकडे तोंड करून मांडलेल्या असतात. मधल्या टेबलावर फुलं, एखाद-दोन पुस्तकं. भिंतीवर तसबीर नाही, क्रूस नाही, वेदी नाही. बाजूच्या टेबलावर मात्र एक भला मोठा जाड कागद पसरलेला असतो. वरच्या भागात सुबक हस्ताक्षरात मजकूर, खालचा सगळा भाग कोरा. ही कोरी जागा पाहुण्यांसाठी राखलेली असते. लग्नाला आलेल्या प्रत्येक माणसाने, अगदी लहान मुलांनीसुद्धा, तिथे सही करायची असते.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीने इंग्लंडमध्ये असं लग्न केलं. मुलगी पुण्याची, मुलगा मिडलँड्समधल्या क्वेकर घरातला. तारीख ठरली तसा मैत्रिणीचा फोन आला. "अगं, गुरुजी नाहीत, अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. त्यांच्यातला पाद्रीसुद्धा नाही म्हणे. मग आम्ही एवढ्या लांब जाऊन करायचं तरी काय?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात आईला काही कामच नसावं, हे तिला सोसत नव्हतं. मीही त्या लग्नाला जाणार होते, त्यामुळे प्रश्न माझाही होता. त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं आणि पुढे जे पाहिलं, ते इथे मांडते आहे.

क्वेकर म्हणजे 'रिलिजियस सोसायटी ऑफ फ्रेंड्स' या पंथाचे लोक. सतराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंड यादवी युद्धाने पोळलेलं असताना, जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) या विणकराच्या मुलाने सांगायला सुरुवात केली की देवाचा प्रकाश प्रत्येक माणसात आहे आणि तो गाठायला मध्यस्थ लागत नाही. ही एक गोष्ट मनापासून मानली की पुढचं सगळं ओघानेच येतं. पुरोहित नको, ठरलेली प्रार्थना नको, दीक्षेचे संस्कार नकोत. शांत बसायचं, आणि आतून कुणाला काही बोलावंसं वाटलं तर त्याने किंवा तिने उभं राहून बोलायचं. बाईनेही बोलायचं, हे त्या काळात अनेकांना असह्य झालं होतं. फ्रेंड्सच्या उपासनेला 'मीटिंग' म्हणतात आणि ती भरते त्या घराला 'मीटिंग हाऊस'. लग्न हीसुद्धा एक मीटिंगच असते. रविवारी बसतात तसंच बसायचं, त्या दिवशी त्यातले दोघे उभे राहून एकमेकांचा स्वीकार करतात, एवढाच फरक.

जगातले सगळे क्वेकर असंच करतात, असं मात्र नाही. सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत. तिथे आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांत पास्टर असतो, गाणी असतात, प्रवचन असतं, आणि लग्नही त्याच वळणाचं होतं. मी लिहिते आहे ते ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या, मौन पाळणाऱ्या मीटिंगांविषयी.

लग्नाची तयारी बरीच आधी सुरू होते. जोडप्याने आपल्या भागातल्या 'रजिस्टरिंग ऑफिसर'कडे अर्ज करायचा. हा अधिकारी क्वेकरांनीच नेमलेला असतो, पण इंग्लंडच्या कायद्याने त्याला मान्यता आहे. सरकारी कचेरीत वेगळी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी कुणी पंथाचं सभासद नसेल तरी अडत नाही, मात्र ही पद्धत त्यांना कळते आहे आणि मनापासून हवी आहे, अशी मीटिंगची, म्हणजे तिथल्या क्वेकर मंडळींची, खात्री पटावी लागते. बऱ्याच ठिकाणी दोन-चार अनुभवी माणसं जोडप्याबरोबर निवांत बसतात आणि साधे पण अवघड प्रश्न विचारतात: पैशांचं काय ठरवलंत, मुलं हवीत का, भांडण झालं की तुम्ही दोघं काय करता, श्रद्धा वेगळ्या आहेत त्याचं काय? उत्तरं कुणी तपासत नाही. त्या दोघांनी एकमेकांची उत्तरं ऐकावीत, हा हेतू असतो. मैत्रिणीची मुलगी म्हणाली होती, "मावशी, चार वर्षं आम्ही बरोबर आहोत, पण आईबाबा म्हातारे झाल्यावर मी भारतात किती राहणार, हे आम्ही त्या खोलीतच पहिल्यांदा बोललो." आपल्याकडे पत्रिका जुळते, याद्या होतात, मानपान ठरतो, हा प्रश्न त्यात कुठेच विचारला जात नाही. तो विचारला जावा असं मला फार वाटतं.

आता प्रत्यक्ष लग्न. दारात एक-दोन जण स्वागताला उभे असतात. नवऱ्याकडचे इकडे, नवरीकडचे तिकडे असं काही नाही. जागा मिळेल तिथे बसायचं. फोन बंद. मीटिंग चालू असताना फोटो काढत नाहीत, कुणाला हौस असेल तर नंतर. वाजंत्री नाही, ऑर्गन नाही. वडिलांनी मुलीचा हात धरून तिला आणून सोपवणं नाही. दोघे सगळ्यांसारखेच चालत येतात आणि बसतात. कपड्यांचा नियम नाही. जुने क्वेकर करड्या-तपकिरी साध्या कपड्यांसाठी ओळखले जात. आज पाहुणे काहीही घालून येतात. त्या दिवशी आमच्या बाजूच्या तिघी पैठणी नेसून होत्या आणि कुणाला त्याचं वावगं वाटलं नाही.

सुरुवातीला मीटिंगमधली एक जाणती व्यक्ती उभी राहून दोन मिनिटांत सगळं समजावते. शांतता असेल, तिला घाबरू नका. काही वेळाने दोघे उभे राहून वचन देतील. कुणाला बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोला, पण आधीच्या बोलण्यानंतर थोडा वेळ जाऊ द्या. टाळ्या वाजवू नका. शेवटी आम्ही दोन जाणती माणसं हस्तांदोलन करू, म्हणजे मीटिंग संपली. एवढं सांगून ती बसते, आणि मग खरंच शांतता पसरते.

पहिली पाच-सात मिनिटं नवख्या पाहुण्याला जड जातात. कुणाचं पोट गुडगुडतं, बाकाची फळी करकरते, बाहेरून बस जाते. मुहूर्ताची वेळ अशी काही नसतेच, त्यामुळे घड्याळाकडे बघण्यात अर्थ नसतो. दोघांना आतून तयार वाटलं की ते उभे राहतात. त्या दिवशी ते उभे राहिले तेव्हा नवऱ्या मुलाच्या हाताला कंप होता आणि मुलीने तो हात दोन्ही हातांत धरला होता. तो आधी बोलला, मग ती. वचन थोडक्यात असतं आणि ते पाठ करून आलेले असतात, कारण कायद्याने त्या शब्दांना महत्त्व आहे. समोर बसलेल्यांना 'मित्रांनो' म्हणून हाक मारायची आणि सांगायचं की मी माझ्या या मित्राला किंवा मैत्रिणीला जोडीदार म्हणून स्वीकारते आहे, आणि देवाच्या साहाय्याने, दोघं जगू तोवर प्रेमाने व निष्ठेने त्याची किंवा तिची साथ देण्याचं वचन देते आहे. दोघांचं वचन सारखंच. कुणी कुणाच्या आज्ञेत राहण्याची भाषा त्यात नाही. शब्द सांगून म्हणवून घेणारा कुणी नसतो. 'आता तुम्ही पतिपत्नी झालात' असं जाहीर करणाराही नसतो. त्यांनी म्हटलं, आपण ऐकलं, लग्न झालं. अंगठी घालायची असली तर नंतर घालतात. तिला बंदी नाही, पण गरजही नाही.

दोघे खाली बसतात आणि शांतता पुन्हा सुरू होते. ही दुसरी शांतता पहिलीहून वेगळी असते. आता प्रत्येकाच्या मनात त्या दोघांचं काही ना काही चाललेलं असतं. नवऱ्या मुलाचे एक वृद्ध शेजारी उठले आणि त्यांनी त्याच्या लहानपणच्या एका मोडक्या सायकलीबद्दल सांगितलं. मग बराच वेळ कुणी नाही. मग माझी मैत्रीण उठली. मला ते अपेक्षित नव्हतं, बहुधा तिलाही नसावं. तिने इंग्रजीत सुरुवात केली, थांबली, आणि मराठीत बोलली. "हिला राग आला की ही जेवत नाही. तेव्हा हिला हाका मारू नकोस. पान वाढून ठेव. ती येते." एवढंच म्हणून ती बसली. खोलीतल्या तीन-चतुर्थांश लोकांना त्यातलं अक्षर कळलं नसेल. कुणी भाषांतर मागितलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. बोललेल्या शब्दांना जेवढी जागा द्यायची तेवढी सगळ्यांनी दिली. मुलगी रडत होती आणि हसतही होती. नवऱ्या मुलाला त्यातलं काय समजलं ते मला माहीत नाही, पण तो सासूकडे बघत होता.

एखाद्या लग्नात कुणीच बोलत नाही. त्याने लग्नाला उणेपणा येत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने दोन जाणत्या व्यक्ती हस्तांदोलन करतात, मग शेजारचे शेजारच्यांशी करतात आणि खोलीत एकदम आवाज भरतो. त्याआधी किंवा त्यानंतर रजिस्टरिंग ऑफिसर त्या मोठ्या कागदावरचा, म्हणजे लग्नाच्या दाखल्याचा, मजकूर मोठ्याने वाचतो: कोण, कुणाची मुलं, कुठले राहणारे, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत त्यांनी एकमेकांचा स्वीकार केला. नवदांपत्य सही करतं आणि मग रांग लागते. सरकारी कागद वेगळा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून लग्नाच्या नोंदणीची पद्धत बदलली आणि नव्या कागदावर वडिलांबरोबर आईचं नावही येऊ लागलं. त्या कागदावर दोन साक्षीदार पुरतात. मोठ्या दाखल्यावर मात्र सगळे.

एवढ्या सह्या कशाला? हा नुसता हौसेचा भाग असता तर मी त्यावर इतकं लिहिलं नसतं. या सह्यांमागे भीती आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लग्न लावायचं ते चर्चच्या पाद्र्याने. क्वेकर पाद्र्याला मानत नव्हते आणि चर्चचा कर द्यायलाही तयार नव्हते. हजारो जण तुरुंगात गेले. पाद्र्याविना झालेलं लग्न हे लग्नच नव्हे, ती बाई ठेवलेली आणि मुलं अनौरस, असं म्हणून नातेवाईक जमीनजुमल्यावर हक्क सांगू शकत होते. १६६१ मध्ये नॉटिंगहॅमच्या न्यायालयात असाच वारसाहक्काचा वाद आला, तेव्हा न्यायाधीशांनी बायबलातल्या आदम आणि हव्वेचा दाखला देऊन सांगितलं की लग्न होतं ते दोघांच्या संमतीने. निकाल क्वेकरांच्या बाजूने लागला. पण प्रत्येक वेळी असे न्यायाधीश मिळतील याचा भरवसा नव्हता. म्हणून उघड्या दाराने, दिवसाढवळ्या, आधी गाजावाजा करून आणि होता होईल तेवढ्या माणसांसमोर लग्न करायचं, आणि प्रत्येकाची सही घ्यायची. उद्या कुणी विचारलंच, तर ही इतकी माणसं कोर्टात उभी राहतील.

फॉक्सचं स्वतःचं लग्नही असंच झालं. २७ ऑक्टोबर १६६९ रोजी ब्रिस्टलमध्ये त्याने मार्गारेट फेल हिच्याशी लग्न केलं. ती न्यायाधीश टॉमस फेल यांची विधवा, फॉक्सपेक्षा दहा वर्षांनी मोठी, आणि तिचं स्वार्थमूर हॉल हे घर म्हणजे या चळवळीचा कणा. तिच्या मुलींना आणि जावयांना फॉक्सने आधी विचारलं: तुमची हरकत नाही ना, आईच्या इस्टेटीत तुमचं काही बुडतंय असं वाटत नाही ना? त्या काळी बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या हाती जात असे. फॉक्सने मार्गारेटच्या इस्टेटीला हात लावणार नाही हे पक्कं केलं. त्यांच्या दाखल्यावर नव्वदहून जास्त सह्या आहेत. संसार मात्र फारसा लाभला नाही. काही दिवसांतच दोघे आपापल्या कामाला वेगळ्या वाटांनी गेले, आणि पुढच्या वर्षी मार्गारेट पुन्हा तुरुंगात होती. लग्न लावणारे आम्ही कोण, ते देवाचं काम, आम्ही साक्षीला आहोत, ही फॉक्सची भूमिका. आजही क्वेकर लग्नाची बैठक तिच्यावरच आहे.

१७५३ मध्ये संसदेने लग्नाचा कडक कायदा केला. चर्चबाहेरची लग्नं त्याने जवळपास बंद झाली. सूट मिळाली ती दोघांनाच: ज्यू आणि क्वेकर. ती वेगळी वाट आजच्या कायद्यातही टिकून आहे. इतरांना ठरावीक नोंदलेल्या इमारतीत लग्न करावं लागे. क्वेकरांना जागेचं आणि वेळेचं ते बंधन नव्हतं.

पण याच पंथाने आपल्या माणसांशी कठोरपणाही केला, आणि तो झाकून ठेवणं मला पटत नाही. पंथाबाहेर लग्न केलं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सभासदत्व जायचं. अशा लग्नाला नुसतं हजर राहणंही महाग पडायचं. १४ मे १८३८ रोजी फिलाडेल्फियात अँजेलिना ग्रिम्के आणि थिओडोर वेल्ड यांचं लग्न झालं. अँजेलिना साऊथ कॅरोलिनातल्या गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत घरातली. तिने आणि तिची मोठी बहीण सारा हिने ते सगळं सोडून क्वेकर पंथ धरला आणि दोघी गुलामगिरीविरुद्ध गावोगाव बोलत फिरल्या. वेल्डही त्याच चळवळीतला, पण प्रेस्बिटेरियन. लग्नात ठरलेला विधी नव्हता. दोघे त्या क्षणी सुचेल ते बोलले. बायकोच्या मालमत्तेवर कायदा नवऱ्याला जो हक्क देत होता, तो वेल्डने सगळ्यांदेखत नाकारला. काळे आणि गोरे पाहुणे एकत्र बसले होते. ग्रिम्के घराण्यात पूर्वी गुलाम असलेल्या, आता मुक्त झालेल्या दोन व्यक्तीही त्यांत होत्या. केक एका कृष्णवर्णीय मिठाईवाल्याने केला होता, गुलामांच्या श्रमाची नसलेली साखर वापरून. त्याच चळवळीतल्या विल्यम लॉइड गॅरिसनने दाखला वाचला, पाहुण्यांनी सह्या केल्या. तीन दिवसांनी, १७ मेच्या रात्री, त्याच शहरातलं पेनसिल्व्हेनिया हॉल हे गुलामगिरीविरोधकांचं नवं सभागृह जमावाने जाळलं.

क्वेकरांनी अँजेलिनाला काढून टाकलं, कारण तिने पंथाबाहेर लग्न केलं. सारालाही काढलं. तिचा गुन्हा एवढाच की ती बहिणीच्या लग्नाला बसली होती. पंथाच्याच तर्काने पाहिलं तर त्यांची शिक्षा सुसंगत होती, कारण लग्नात हजर राहणं म्हणजे त्याला दुजोरा देणं. पण सारासारख्या बाईला याच कारणाने घालवून देणारी माणसं त्या दिवशी स्वतःच्या श्रद्धेपेक्षा फार लहान झाली, असंच मी म्हणेन. पुढे १८६० आणि १८७२ च्या कायद्यांनी ब्रिटनमध्ये सभासद नसलेल्यांनाही या पद्धतीने लग्न करता येऊ लागलं. २००९ मध्ये ब्रिटनच्या क्वेकरांनी यॉर्कच्या वार्षिक मेळाव्यात समलिंगी जोडप्यांची लग्नंही तशीच साजरी करायची आणि त्यासाठी कायदा बदलायची मागणी करायची, असं ठरवलं. कायदा २०१३ मध्ये झाला, लग्नं २०१४ पासून. ज्या पंथाने साराला बाहेर काढलं, त्याच पंथाचा हा निर्णय आहे, म्हणून मला तो विशेष मोलाचा वाटतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, जे विल्यम पेन या क्वेकराने वसवलं, आजही लग्नाचा एक असा परवाना मिळतो ज्यावर लग्न लावणाऱ्याची सही लागत नाही. जोडपं आणि दोन साक्षीदार, बस. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मुलामुलींची लग्नं अशा राज्यांत होऊ लागली आहेत, तेव्हा घरच्या मोठ्यांनी हे ऐकून ठेवलेलं बरं.

आपल्याला हे सगळं वाटतं तितकं परकं नाही. पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटाविना लग्न लागलं. समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांनी रचलेल्या विधीत वधूवर स्वतः एकमेकांशी बोलतात आणि वधू बायकांच्या हक्कांचं बोलते. तिथेही वाद वैधतेचाच होता. ओतूरच्या अशाच एका लग्नावरून गावचे जोशी, म्हणजे भटजी, कोर्टापर्यंत गेले होते. फुल्यांनी हे क्वेकरांकडून घेतलं असं मी सुचवत नाही. मध्यस्थाला बाजूला सारलं की वचन वधूवरांच्या तोंडी येणार आणि साक्ष समाजाच्या गळ्यात पडणार, हे दोन्हीकडे आपापल्या वाटेने घडलं. आणि आपण ज्याला सरसकट 'कोर्ट मॅरेज' म्हणतो, तो १९५४ चा विशेष विवाह कायदा काढून पाहा. विधी कुठलाही करा, पण अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी, त्यांना समजणाऱ्या भाषेत, एकमेकांचा स्वीकार तोंडाने म्हटल्याशिवाय ते लग्न पुरं होत नाही. नोंदणी कार्यालयात हे दोन मिनिटांत उरकतात. साक्षीदार म्हणून ऑफिसातल्या कुणालातरी ओढून आणलेलं असतं. त्या तीन सह्यांचं वजन तिथे आलेल्या कुणालाच कळू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

महाराष्ट्राशी क्वेकरांचा थेट संबंधही आहे. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिकेने स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम केलं. पुढे त्या होशंगाबादजवळच्या रसूलियाच्या क्वेकर केंद्रात राहिल्या आणि भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही त्यांनीच लिहिला.

तर, कुणाला असं आमंत्रण आलं तर काय करायचं? वेळेच्या थोडं आधी पोचा. उशीर झालाच तर दारातली व्यक्ती योग्य वेळ बघून आत घेईल. लहान मुलांना घेऊन जा. बहुतेक ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी खोली असते आणि कंटाळलेलं मूल बाहेर नेलं तर कुणी भुवया उंचावत नाही. बोलायला काही नेऊ नका, लिहून तर अजिबात नेऊ नका. उभं राहावंसं वाटलं तर थोडं थांबा. तरीही वाटतच राहिलं तर उठा. जेवण साधं असतं. कधी चहा-केक, कधी आलेल्यांनीच घरून करून आणलेले पदार्थ. बऱ्याच मीटिंग हाऊसमध्ये मद्य चालत नाही. आमच्या वेळी लाडू आणि चकल्या पुण्याहून गेल्या होत्या आणि सगळ्यांत आधी त्याच संपल्या.

सही मात्र सावकाश करा. कुठल्या लिपीत करायची यावर बंधन नाही. मैत्रिणीने देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

ज्यांनी सही केली त्यांचं काम तिथे संपत नाही, हे क्वेकर मंडळी आवर्जून सांगतात. जोडप्याचं बिनसलं तर लग्नाआधी जशी माणसं त्यांच्याबरोबर बसली होती, तशीच पुन्हा बसू शकतात. वेगळं व्हायचं ठरलं तर तेव्हासुद्धा. मीटिंगने एकदा साक्ष दिली की वाईट दिवसांत तोंड फिरवायचं नाही, अशी रीत आहे. त्या दाखल्यावर माझीही सही आहे. मुलीचा फोन आला की मी आता जावयाचीही चौकशी करते, आणि नुसतं 'ठीक आहे' म्हणाली तर फोन ठेवत नाही.